फटींची यादी आणि अकरा कुरडया

प्रिय नचिकेत आणि ईरा,

मी तुमच्या पणजीचा हात मोडला. मुद्दाम नव्हे, पण अगदी पद्धतशीरपणे, यादी करून.

हे आजवर तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि आपण होऊन गुन्हा कबूल करायची माझी मूळची सवय नाही. पण गेल्या रविवारी नचिकेतने त्याच्या नव्या घरातून व्हिडिओ कॉल केला. न्हाणीघरातल्या टबाच्या कडेला बसला होता आणि हातात एक पिवळी बंदूक होती. म्हणाला, "आजी, हे तू कधी पाहिलं नसशील. बॅटरीवर चालतं. फटी बुजवायला." मी म्हणाले, "अय्या, हो का?" (खोटं बोलायचं असेल तर सुरुवात 'अय्या'ने करावी, लोक पुढे काही विचारत नाहीत.) फोन ठेवल्यावर मात्र मला राहवेना. बाळा, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा असल्याच एका बंदुकीने कोपरगावात काय काय केलंय, ते आता ऐक. आणि पुढे वाचण्याआधी टबातलं पाणी जायचं भोक उघडं आहे ना, एवढं बघून ये.

तुमचे बाबा अमेरिकेत जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते दर पंधरा दिवसांनी मुलाला पत्र लिहीत आणि त्या पत्रात तीनच विषय असत: गोदावरीला पाणी किती, उसाला तोड मिळाली की नाही, आणि आमच्या घराच्या खिडक्यांतून वारा कसा येतो. पहिल्या दोन विषयांवर तिकडे बसून काही करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या मार्चच्या सुरुवातीला तुमचे बाबा आले ते तिसऱ्याचा बंदोबस्त घेऊनच. बॅगेतून चॉकलेटं निघाली, कोपरगावच्या हवेत कुणालाही घालता येणार नाही असा एक लोकरी कोट निघाला, आणि सगळ्यात खालून निघाली ही बंदूक. सोबत पांढऱ्या सिलिकॉनच्या बारा नळ्या, आपल्याला हवा तो माल भरून वापरता येईल अशी एक रिकामी ॲल्युमिनियमची नळी, अमेरिकेतला चार्जर आपल्या विजेवर चालावा म्हणून पाट्याइतका जड ट्रान्सफॉर्मर, आणि चाळीस पानांचं इंग्रजी माहितीपुस्तक.

आजोबा इंजिनिअर. ज्याला काही येत नाही त्याने माहितीपुस्तक वाचावं, असं त्यांचं मत. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं. घरात आलेलं छापील इंग्रजी वाचायचा मान माझा, यावर कधी वाद झाला नव्हता. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि जेवताना जाहीर केलं, "यात म्हटलंय की काम सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्या फटींची यादी करावी."

"फटी मला दिसतात," आजोबा म्हणाले.

"दिसतात तेवढ्याच नसतात."

दुसऱ्या दिवशी मी वही आणि मोजपट्टी घेऊन घराभोवती फिरले. फट क्रमांक, जागा, लांबी, रुंदी, शेरा, असे रकाने आखले. प्रत्येक फटीपुढे तिचं छोटंसं चित्र काढलं. एकूण एक्केचाळीस भरल्या. क्रमांक सतरा ही मागच्या भिंतीत, जमिनीपासून चार बोटं वर होती. शेऱ्यात मी इंग्रजीत लिहिलं: "गोल. रुपयाएवढी. उंदीर येण्याची शक्यता." आणि शेजारी एक उंदीरही काढला.

आजोबांचा एक मोठा गुण असा, की एकदा यादी हातात दिली की ते विचार करत नसत. रोज सकाळी चहा झाला की कमरेला पंचा गुंडाळून, बंदूक घेऊन निघत आणि क्रमाने पाच-सहा फटी बुजवून येत. घर्र घर्र असा आवाज होई, पांढरी रेघ बाहेर पडे आणि आजोबा बोटाने ती गुळगुळीत करत. सुरुवातीला कौतुक झालं. मग खिडक्या बंद झाल्या त्या उघडेनात. मीटरच्या पेटीचं झाकण बसलं ते बसलंच, आणि रीडिंग घ्यायला आलेला माणूस पेटीला कान लावून परत गेला. माझ्या चष्म्याची दांडी निखळली होती, ती त्यांनी न सांगता बसवून दिली. पुढे वर्षभर तो चष्मा मिटला नाही.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी क्रमांक सतरा बुजला.

पाडव्याला आई, म्हणजे तुमची पणजी, पहाटे आंघोळीला गेल्या. मुलांनो, त्यांना नीट डोळ्यांसमोर आणा: शहात्तर वर्षांच्या, माहेर आपल्याच नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, अंगाने काडी पण आवाज असा की गल्लीच्या टोकाची गाय उठून उभी राहावी. त्यांना दोन तांब्यांत आंघोळ ठाऊक नव्हती, सणाला तर नाहीच. चार बादल्या पाणी अंगावर घेऊन झालं आणि ते पाणी कुठेच गेलं नाही. जाणार कुठून? क्रमांक सतरा म्हणजे न्हाणीतलं पाणी बाहेर जायचं भोक होतं. मी ते बाहेरून पाहिलं होतं आणि आजोबांनी ते बाहेरूनच बुजवलं होतं. घोटाभर साबणाच्या पाण्यात आईंचा पाय सरकला.

डॉक्टर म्हणाले, उजव्या मनगटाला चीर गेली आहे, दीड महिना प्लास्टर.

मी वहीतल्या क्रमांक सतराखाली "बुजवू नये" असं लिहिलं. आजोबांनी मुकाट्याने छिन्नी घेऊन भोक मोकळं केलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि यावर काही बोलायचं नाही, असं न बोलताच ठरलं.

घरी आल्यावर आई पलंगावर बसल्या आणि त्यांनी हाताची चौकशी केलीच नाही. त्या म्हणाल्या, "आखितीला किती दीस राह्यलं?"

"महिना आहे अजून."

"मंग कुरडया कोन करनार?"

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. अक्षय तृतीयेला, आईंच्या भाषेत आखितीला, आमच्याकडे पितरांचं पान वाढतात: आमरस, पुरणपोळी, आणि त्यावर वर्षाची पहिली कुरडई. मामंजी, म्हणजे तुमचे पणजोबा, कुरडईचे फार शौकीन होते. ते गेल्यापासून दर वर्षी आई स्वतः गहू भिजवत, स्वतः चीक काढत, आणि नव्या डब्यातली पहिली तळलेली कुरडई त्यांच्या पानात पडल्याशिवाय घरात कुणी कुरडईला हात लावत नसे. माझ्या लग्नाला तीस वर्षं होत आली होती. मला या कामात आजवर कागद पसरायचं आणि कावळे हाकलायचं, एवढीच जबाबदारी मिळाली होती.

"मी करते," मी म्हणाले.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. आठवीच्या मुलीने प्राचार्यांची खुर्ची मागावी आणि प्राचार्यांनी पाहावं, तसं. "चीक खेळ न्हाई, सुनंदा. गरम हाय तवर सोऱ्यातनं पाडाया लागतो. थंड झाला की दगूड हुतो. मनगटात जोर लागतो."

"जमेल."

"मपला हात मोडला म्हनून त्यांनी का बिनकुरडईचं राहायचं? एवढंच हाय. पान रिकामं न्हाई राह्यलं पायजे."

आता या वाक्यानंतर, तो हात कुणाच्या शेऱ्यामुळे मोडला हे ठाऊक असलेल्या बाईने काय करायला हवं होतं? सोऱ्या घ्यायचा, मनगटाचा व्यायाम करायचा, शेजारच्या शेवंताबाईंना मदतीला बोलवायचं आणि निमूट कुरडया घालायच्या. मी माहितीपुस्तक काढलं.

पान बावीसवर लिहिलं होतं की रिकाम्या नळीत "कोणताही घट्ट, एकजीव माल" भरता येतो. गव्हाच्या चिकाचं याहून नेमकं वर्णन मी आजवर वाचलेलं नाही. मी ती कोरी नळी सोडा घालून तीनदा उकळून घेतली, सोऱ्याची पितळी चकती तिच्या तोंडाशी ठेवून पाहिली, ती जणू त्याच मापाची होती. आजोबांना बोलावलं.

"बॅटरीवरचा सोऱ्या," मी म्हणाले.

त्यांनी बंदूक उलटसुलट केली. "आईला सांगितलंस?"

"करून दाखवू."

"मग आधी सराव कर."

सल्ला उत्तम होता. पण सरावाला चीक कुठून आणायचा? तो काढायलाच चार दिवस लागतात. म्हणून मी सरावासाठी सिलिकॉन घेतलं. गच्चीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला, सिलिकॉनच्या नळीला टोकाशी तीच चकती बांधली आणि बसले. पहिल्या तीन बिघडल्या. त्या पुसून टाकल्या. मग हात बसला. घोडा दाबायचा, मनगट गोल फिरवायचं, सोडायचा. अकरा कुरडया अशा उतरल्या की पाहत राहावं! पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, जाळी सुटलेली. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातच्या पदार्थाकडे मान तिरकी करून पाहिलं. चकती रॉकेलने घासून, उकळून ठेवली आणि वहीत नोंद केली: "सराव. ११. वाळल्यावर काढून टाकणे."

पुढल्या चार दिवसांत गहू भिजले, दळले, चीक निवळला, आणि मला गच्चीचा विसर पडला. कुरडयांच्या दिवशी सकाळी वर गेले तर कोपऱ्यात कागद नव्हता. आजोबांनी टाकला असणार, असं समजून मी वहीत लिहिलं: "टाकल्या." (नोंद करण्याआधी विचारून घेणं ही पायरी माझ्या पद्धतीत नव्हती.)

त्या सकाळी सहाला गच्चीवर सगळा थाट होता. शेवंताबाई आल्या होत्या. त्यांचे यजमान साखर कारखान्यात कामाला, आणि त्या स्वतः गल्लीतल्या निम्म्या घरांचं वाळवण पार पाडायच्या. आई खुर्चीवर, गळ्यात बांधलेला प्लास्टरचा हात. स्टोव्हवर मोठं पातेलं, त्यात रटरटणारा चीक. मी पदराखालून बंदूक काढली.

"ह्ये काय?" आई म्हणाल्या.

"याने कुरडया भराभर पडतील."

"फटी बुजवायची हाय ना ती?"

"नळी नवी आहे. उकळलेली."

शेवंताबाई म्हणाल्या, "करू द्या की आई. बाई शिकल्याल्या हायेत."

मी नळीत गरम चीक भरला, नेम धरला, घोडा दाबला. घर्रर्र. कुरडई पडली. सुंदर पडली. शेवंताबाईंनी तोंडावर बोटं ठेवली. दुसरी पडली, तिसरी पडली. नळी भरायची, दाबायचं, फिरवायचं. पंचवीस कुरडया होईपर्यंत माझ्या मनात पुढच्या वर्षीचे बेत सुरू झाले होते. शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना प्रात्यक्षिक दाखवावं, इथवर मी पोचले होते.

सव्विसाव्या कुरडईला घर्रर्रचं घर्र झालं, मग घ झालं, मग काहीच झालं नाही.

बॅटरी रात्रभर चार्ज करावी, असं पुस्तकात होतं. मी ती रात्रभर लावली होती. रात्री किती वेळ वीज नव्हती, हे पुस्तकात नव्हतं. पुस्तक लिहिणारा माणूस कोपरगावला कधी राहिलेला नव्हता.

"काय झालं?" आई.

"बॅटरी संपली."

"चीक संपला का?"

"नाही."

पातेल्यात अजून पाचातले चार हिस्से चीक शिल्लक होता. बंदुकीचा दट्ट्या नळीत अर्ध्यावर अडकलेला, आणि नळीतला चीक हळूहळू गार होत निघालेला. आजोबा पक्कड घेऊन वर आले. त्यांनी नळी पिळली तसं सगळं एकदम सुटलं आणि अर्धी नळी चीक त्यांच्या बनियनवर एका धारेत बसला. "छान चिकटतो," ते म्हणाले आणि खाली गेले.

"सोऱ्या आन," आई म्हणाल्या. आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी जिने उतरले, सोऱ्या आणला, चकती बसवली. शेवंताबाई चीक भरायच्या, मी दाबायची. पहिल्या दहा कुरडयांत तळव्याला फोड आला. विसाव्याला फुटला. आई खुर्चीवरून नुसत्या सांगत होत्या: "खांद्यातनं जोर लाव, मनगटातनं न्हाई. हां. गोल, गोल. थांबू नगं. मधी थांबली तर गाठ हुती." चीक थंड व्हायच्या आत पातेलं खरवडून झालं तेव्हा मला उजवा हात वर करता येत नव्हता. आता घरात दोन बायका आणि डावे हात तेवढे शिल्लक, अशी परिस्थिती. पण गच्चीभर कुरडया पडल्या होत्या.

आईंनी उठून सगळ्या ओळी पाहिल्या. म्हणाल्या, "बऱ्या हायेत." त्यांच्या तोंडून हे मी पोळीबद्दलसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

तीन दिवस कडक ऊन मिळालं. शेवंताबाईंनी डबा भरून दिला.

आखितीला शिर्डीहून आक्का आल्या. आक्का म्हणजे आजोबांची मोठी बहीण. शिर्डीत त्यांचं फुलांचं आणि प्रसादाचं दुकान, दिवसभर भक्तांशी गोड बोलून त्यांचा गोडवा संध्याकाळपर्यंत संपलेला असायचा, आणि सणाला आमच्याकडे यायच्या त्या उरलेलं घेऊन. आल्या आल्या म्हणाल्या, "ऐकलं ते खरं का? यंदा कुरडया बाईंनी केल्यात? मंग पान मराठीत वाढायचं का इंग्रजीत?"

"वाढून तर बघू द्या," मी म्हणाले.

कढईत तेल तापलं. आई स्टुलावर शेजारी. मी डबा उघडला, वरची कुरडई उचलली आणि तेलात सोडली.

कुरडई तेलात पडली की क्षणात तिप्पट फुलते. ही बुडाशी गेली आणि तिथेच राहिली.

"तेल तापलं न्हाई," आक्का म्हणाल्या.

"तापलंय," आई म्हणाल्या. "चीक आंबला आसंल."

मी झाऱ्याने कुरडई वर काढली. ती जशी गेली होती तशीच परत आली: पांढरीशुभ्र, एकसारखी, जाळी सुटलेली. झाऱ्यावर किंचित डुलत होती. ती माझ्या अकरांतली एक होती.

"ही राहू दे, दुसरी तळते," मी घाईने म्हणाले.

"न्हाई," आई म्हणाल्या. "पैली त्यांची. तळली ती तळली. त्यांच्या नावानं तेलात पडल्याली परत घ्यायची नसती."

मुलांनो, त्या क्षणी सत्य सांगायला माझ्याकडे पुरेसा वेळ होता. मराठी येत होतं, इंग्रजी येत होतं. पण आक्का उभ्या होत्या. मी पान घेतलं, आमरसाची वाटी ठेवली, पुरणपोळी ठेवली आणि त्यावर, तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच सोपवलेल्या विश्वासाने, तुमच्या पणजोबांना सिलिकॉन वाढलं.

पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. आम्ही चौघं जिन्याच्या सावलीत उभे. कावळा लगेच आला. (आमच्याकडच्या कावळ्यांना आखिती पंचांगाशिवाय कळते.) त्याने आमरसाकडे पाहिलंही नाही. सरळ कुरडईला चोच घातली.

"बघा," आई हळूच म्हणाल्या. "कुरडईच."

कावळ्याने ओढलं. कुरडई लांबली. त्याने आणखी ओढलं. आणखी लांबली. मग त्याने एक पाय तिच्यावर रोवला, मान मागे टाकून जोर लावला, आणि कुरडई त्याच्या चोचीतून सुटून फटकन त्याच्याच छातीवर बसली. कावळा दोन पावलं मागे सरला. त्याने आधी कुरडईकडे आणि मग आमच्याकडे असं काही पाहिलं की मी पदर तोंडाशी घेतला. तेवढ्यात दुसरा कावळा आला. त्याने दुसरं टोक धरलं. आता दोघं दोन बाजूंनी ओढत होते आणि मध्ये ती कुरडई तारेसारखी ताणलेली.

"दादांना कुरडई एवढी चिवट लागायची?" आक्का म्हणाल्या. दादा म्हणजे मामंजी.

आजोबा खाकरले आणि त्यांनी आकाशाकडे पाहायला सुरुवात केली. त्यांना कळलं होतं.

शेवटी पहिला कावळा जिंकला. कुरडई घेऊन उडाला, कडुनिंबापर्यंत गेला, तिथे त्याचा विचार बदलला असावा. कुरडई पलीकडच्या अंगणात पडली. दोन मिनिटांत शेवंताबाई जिन्याने वर आल्या, तळहातावर ती घेऊन.

"आई, तुमची कुरडई पडली बगा आमच्याकडं. पर तुटली न्हाई कुटं."

आईंनी ती डाव्या हातात घेतली. बोटांनी चाचपली. एक टोक प्लास्टरच्या बोटांत धरलं, दुसरं ओढलं, सोडलं. फट्. पुन्हा ओढलं. पुन्हा फट्.

"सुनंदा, ही कोनच्या गव्हाची?"

मग मी सांगितलं. सराव सांगितला, अकरा सांगितल्या, टाकल्या असं समजले तेही सांगितलं. शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "आवो बाई, त्या मीच उचलल्या. मपले पापड काढाया वर आल्ते, तर तुमच्या कुरडया कोपऱ्यात वाळल्याल्या दिसल्या. कावळं नेतील म्हनून कागदासकट गोळा करून जिन्यातल्या रिकाम्या डब्यात ठिवल्या. मागनं मोठा डबा भरला, तवा ह्या त्याच्यात वरनं ठिवल्या." वाळवण कुणाचंही असो, गच्चीवर जाईल त्याने ते सांभाळायचं, ही गल्लीची रीत. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून मी डोळे मिटून पुढचंही बोलले. "आणि आई, न्हाणीचं भोक... ते माझ्या यादीत होतं. क्रमांक सतरा."

"ते म्हाईत हाय मला," आई म्हणाल्या.

"कसं?"

"वही ओट्यावरच तर टाकतीस. मला इंग्रजी येत न्हाई, चित्र कळतंय. भोकाचं चित्र, त्याच्याम्होरं उंदराचं चित्र. आन त्याच्याखाली मागनं खरडल्यालं." त्यांनी कुरडई पुन्हा एकदा ताणली. "म्हंजी माजा हात मोडला तो मोडला, वर माज्या नवऱ्याला रबर वाढलंस."

आईंच्या गळ्यातली झोळी हलू लागली. मला वाटलं रडतात. मग आवाज फुटला आणि मला कळलं की त्या हसताहेत. हसता हसता प्लास्टर दुखलं, त्याने आणखी हसू आलं. आक्का पण हसल्या, आणि सणाचा दिवस असूनही त्यात टोमणा नव्हता.

मग आई खाली गेल्या. डबा मांडीवर घेतला. एकेक कुरडई उचलायच्या आणि प्लास्टरवर हलकेच वाजवायच्या. टक् वाजली की उजवीकडे. आवाज आला नाही की डावीकडे. उजवीकडून त्यांनी एक उचलली, स्वतः डाव्या हाताने तेलात सोडली. ती फुलली. कढईभर फुलली, मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी. आईंनी ती झाऱ्यावर वर धरली आणि मला विचारलं, "ह्या तू सोऱ्यानं केल्याल्या?"

"हो."

"मंग बंदूक कशापायी काढली व्हतीस?"

ती कुरडई घेऊन त्या जिना चढल्या, मला पुढे येऊ दिलं नाही. कठड्यावरच्या पानात ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. ती सुनेची गंमत हुती. ही सुनेच्या हातची हाय, खावा." कावळा लांबूनच बघत होता. त्याला आमच्या घराबद्दल आता शंका होती. पण आला, चोच मारली, कुडुम् आवाज झाला आणि सगळी खाऊन गेला.

खाली उतरताना आई माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "पुढल्या साली चीक तूच काढायचा. मी खुर्चीवर." आणि पुढल्या पायरीवर, "त्या वहीला काडी लाव."

वही मी जाळली नाही. बाकी सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं. आई त्यानंतर सहा उन्हाळे खुर्चीवर बसल्या आणि सहाही उन्हाळे मामंजींच्या पानात माझ्या हातची कुरडई पडली.

आता काय काय शिल्लक आहे, ते लिहून संपवते. बंदुकीची बॅटरी दोन हजार सालाच्या आधीच गेली, बंदूक मोडीत दिली. आजोबांनी बुजवलेल्या फटी घराला रंग देताना खरवडून काढल्या. अकरांतली एक आक्कांच्या पिशवीतून शिर्डीला गेली असावी. त्यांनी कधी काही म्हटलं नाही, पण त्यांचे दात तेव्हा मजबूत होते. उरलेल्या दहा माझ्याकडे आहेत. अठ्ठावीस वर्षं झाली, एकही तुटली नाही, एकीलाही बुरशी नाही, किडा नाही. उभ्या आयुष्यात मी स्वयंपाकघरात जे काही केलं, त्यातलं टिकलेलं एवढंच.

तुमची,
आजी